डहाणूचा माणूस रोज चर्चगेटला जातो, मग वसमतची पोरगी नांदेडला का नाही?

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, कारण मागच्या भागानंतर दोघातिघांनी कळवलं की मी सुरुवातीलाच फार जोरात बोलतो. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे अख्खा भाग इथं लिहून दिलाय. बोलण्यातलं बोलणं तसंच ठेवलंय, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय रेल्वे. म्हणजे वंदे भारत किती भारी आहे, बुलेट ट्रेन कधी येणार, असलं काही नाही. आज त्या गाडीबद्दल बोलायचंय जिच्यात माणूस सकाळी घरून डबा घेऊन बसतो आणि रात्री त्याच घरी परत जेवायला येतो.

सुरुवात घरापासून करतो. आमचं गाव वसमत तालुक्यात, वसमतपासून सात किलोमीटर आत. माझी धाकटी बहीण बारावी झाली आणि तिला नांदेडला ॲडमिशन मिळालं. घरात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं, "जायचं कसं, यायचं कसं?"

वसमत ते नांदेड रस्त्यानं साधारण चाळीस किलोमीटर. सकाळी जायला काही अडचण नव्हती. अडचण होती संध्याकाळी. तिचं प्रॅक्टिकल संपायचं साडेपाचला. तिथून निघून वसमतला पोचेपर्यंत अंधार, आणि वसमतहून गावाकडं यायला त्या वेळी वाहन मिळेलच असं नाही. अण्णा म्हणाले, "रूमचं भाडं देतो मी. पण लेकरू रातच्याला फाट्यावर उभं राहाया नको."

झालं. नांदेडला चौघी पोरींत मिळून एक रूम घेतली. शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे जायचं. भाडं हळदीच्या पैशातून. माय मात्र पहिले दोन महिने रोज एक भाकर जास्तीची टाकायची, सवयीनं.

आता हे काही मोठं दुःख नाही, मला माहितीये. तुमच्यापैकी निम्मे जण असेच पुण्यात, संभाजीनगरात, नांदेडात रूम करून ऐकताय मला. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एक हिशोब अडकून बसलाय. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

चर्चगेट ते डहाणू रोड किती? १२४ किलोमीटर. तिथपर्यंत मुंबईची लोकल २०१३ पासून जाते. सीएसएमटी ते कसारा १२१. सीएसएमटी ते कर्जत १००. बदलापूर ६८. या सगळ्या ठिकाणांहून माणसं रोज मुंबईत कामाला जातात आणि रोज परत येतात.

आणि हिंगोली ते नांदेड? रस्त्यानं नव्वदच्या आत-बाहेर. म्हणजे डहाणूवाला जेवढं रोज जातो, त्याहून आपलं अंतर कमी आहे. तरी डहाणूवाला "अप-डाउन" करतो आणि आपण "बाहेरगावी शिकायला" जातो. शब्द बघा ना. अंतर जवळजवळ तेच, पण त्याच्यासाठी ते अप-डाउन आणि आपल्यासाठी बाहेरगाव.

चेझारे मार्केटी नावाचे एक इटालियन शास्त्रज्ञ होते. १९९४ मध्ये त्यांनी एक कल्पना मांडली. माणूस कुठल्याही काळातला असो, कुठल्याही शहरातला असो, रोजच्या जाण्यायेण्यात तो साधारण एक तास घालवतो. चालत असेल तर गाव तेवढं लहान, ट्राम आली तर शहर थोडं मोठं, लोकल आली तर शहर आणखी लांबवर. तास तेवढाच राहतो, त्या तासात किती किलोमीटर मावतात ते बदलतं.

म्हणजे प्रश्न असा विचारायचा: एका तासात तुम्ही घरापासून किती लांब जाऊन परत येण्याच्या लायकीचे राहता? त्या टप्प्यात कॉलेज किती, दवाखाने किती, नोकऱ्या किती? तुमचं खरं शहर तेवढंच.

मुंबईनं हे कसं केलं

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. देशातली पहिली प्रवासी रेल्वे. हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण लोकलच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाची तारीख आहे ३ फेब्रुवारी १९२५. त्या दिवशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, व्हीटी ते कुर्ला.

विजेनं काय फरक पडला? साध्या गाडीत एक इंजिन पुढं असतं आणि ते सगळे डबे ओढतं. लोकलमध्ये मोटारी डब्यांच्या खालीच बसवलेल्या असतात, गाडीभर विभागून. त्यामुळे ती थांब्यावरून झपकन सुटते आणि पटकन वेग घेते. थांबा जरी एका मिनिटाचा असला तरी खरा वेळ जातो तो वेग कमी करण्यात आणि परत वेग पकडण्यात. इंजिनाच्या गाडीला थोड्याथोड्या अंतरावर दहा थांबे दिले तर ती पार मरगळते. लोकल तेच थांबे लीलया घेते.

दुसरी गोष्ट, दोन्ही टोकांना चालकाची केबिन. गाडी शेवटच्या स्टेशनला पोचली की इंजिन काढा, फिरवा, पुढं लावा, ही भानगड नाही. चालक या टोकाचा त्या टोकाला गेला की गाडी परत निघायला तयार.

तिसरी गोष्ट, फास्ट आणि स्लो. कल्याणपर्यंत दोन रूळ स्लोचे, दोन फास्टचे. स्लो प्रत्येक ठिकाणी थांबते, फास्ट मोजक्या ठिकाणी. लांबच्या माणसाला जवळच्या माणसाच्या थांब्यांची शिक्षा नाही.

आणि चौथी, माझ्या मते सगळ्यांत मोठी: गाडी चुकली तर पाचदहा मिनिटांत दुसरी. मुंबईचा माणूस वेळापत्रक बघून घरातून निघतो ते सवयीनं. एक गाडी गेली म्हणून त्याचा दिवस जात नाही.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा मुंबईची जाहिरात करतोय. माझा हिंगोलीचाच एक मित्र बदलापूरला राहतो, नोकरी दादरला. दिवसाचे साडेतीन तास प्रवासात. त्याची पोरगी तो निघतो तेव्हा झोपलेली, येतो तेव्हा झोपलेली. मार्केटीचा एक तास कधीच ओलांडला त्यानं. आणि गर्दी. मुंबईच्या लोकल मार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून वगैरे दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यात माणसं गेली. तेव्हा "आम्हाला मुंबईसारखं द्या" असं मी म्हणणार नाही. त्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं, ते नीट निवडायला पाहिजे.

पॅरिस, स्वित्झर्लंड आणि मेरठ

जगात लोकलच्या पुढची एक पायरी आहे. तिला म्हणू या प्रादेशिक जलद रेल्वे. मेट्रो शहराच्या आत फिरते, एकेक किलोमीटरवर थांबते. लांबपल्ल्याची एक्सप्रेस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते. यांच्या मधली जी जागा आहे, चाळीस ते शंभर किलोमीटरची, ती या गाडीची.

पॅरिसनं हे फार आधी केलं. तिथल्या जाळ्याचं नाव आरईआर. १९७७ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी शहराच्या पोटात, शातले-ले-आल या स्टेशनात, उपनगरांतून येणारे मार्ग एकमेकांना जोडले. त्याआधी उपनगरातली गाडी शहराच्या कडेला येऊन थांबायची, तिथून मेट्रो पकडायची. आता गाडी पूर्वेकडून शहरात शिरते, जमिनीखालून मध्य गाठते आणि पश्चिमेला बाहेर पडते. त्यातल्या ए मार्गावर दिवसाला दहा लाखांच्या वर लोक जातात.

आपल्याकडे ही पायरी चढली दिल्लीनं. दिल्ली–गाझियाबाद–मेरठ, ८२ किलोमीटर. पहिला १७ किलोमीटरचा टप्पा, साहिबाबाद ते दुहाई डेपो, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. गाडीचं नाव नमो भारत, चालण्याचा वेग ताशी १६० पर्यंत. मेरठ ते दिल्ली हे अंतर तासाच्या आत आणायचं, हा त्यामागचा हेतू.

भारी आहे ना? आता खर्च ऐका. मंजूर खर्च ३० हजार २७४ कोटी. भागाकार करा, किलोमीटरला साधारण ३७० कोटी. तिथं दोन टोकांच्या मध्ये गाव संपून शेत लागेपर्यंत दुसरं गाव येतं. आपला अख्खा हिंगोली जिल्हा २०११ च्या जनगणनेत ११ लाख ७७ हजारांचा. अशी रेल्वे इथं मागणं म्हणजे दोन एकरांत कोरडवाहू करणाऱ्यानं विमान मागण्यासारखं आहे.

म्हणून मला तिसरं उदाहरण जास्त आवडतं. स्वित्झर्लंड. डोंगराळ देश, गावं विखुरलेली, कितीतरी ठिकाणी एकच रूळ. त्यांनी १९८२ मध्ये वेग वाढवायच्या आधी वेळापत्रक बदललं. देशभर ठरवलं की गाडी दर तासाला, त्याच मिनिटाला. तुमच्या स्टेशनवर गाडी ७ वाजून १२ मिनिटांनी असेल, तर ८:१२ ला आहे, ९:१२ ला आहे, संध्याकाळी ६:१२ ला पण आहे. म्हातारीला पण पाठ होतं. आणि जंक्शनवर गाड्या एकाच सुमारास येतात, बाहेर बस उभी असते, माणूस इकडून तिकडे बसतो आणि पुढं जातो. वेग वाढवायचा तो एवढाच, की पुढची जोडगाडी मिळावी.

माझ्या बहिणीची अडचण आठवा. वसमत ते गाव, सात किलोमीटर. तिला १६० च्या वेगाची गाडी मिळाली असती आणि ते सात किलोमीटर तसेच राहिले असते, तर अण्णांचं उत्तर तेच आलं असतं.

आपला रूळ

आता आपल्या रुळाकडे येऊ. आपल्या स्टेशनच्या पाटीवर आजही "हिंगोली डेक्कन" लिहिलेलं आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळाची ती खूण. पुढं अकोला–खांडवाकडे रूळ जोडला गेला आणि उत्तरेचं मीटर गेजचं जाळं दक्षिणेच्या जाळ्याला मिळालं. घरातल्या मोठ्यांना विचारा, मीनाक्षी एक्सप्रेसचं नाव काढलं की ते सुरू होतात. राजस्थानातून निघून आपल्या दारावरून हैदराबादकडे जाणारी गाडी होती ती.

मीटर गेज म्हणजे दोन रुळांत एक मीटर. ब्रॉड गेज म्हणजे १६७६ मिलिमीटर. अकोला ते पूर्णा हा सुमारे २१० किलोमीटरचा पट्टा २००८ मध्ये ब्रॉड गेज झाला. अकोला, वाशिम, कन्हेरगाव नाका, हिंगोली, नांदापूर, बोल्डा, वसमत, पूर्णा. पूर्णेला तो परभणी–नांदेड मार्गाला मिळतो. म्हणजे मोठा खर्च झालेलाच आहे. रूळ आहे, स्टेशनं आहेत.

पण रूळ एकेरी आहे. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावं लागतं. यालाच आपण "क्रॉसिंग लागलं" म्हणतो. त्यात मोठ्या गाडीला आधी सोडतात, छोटी थांबते. आणि लांबपल्ल्याच्या गाड्यांचं वेळापत्रक ठरतं ते दोन टोकांच्या मोठ्या शहरांच्या सोयीनं. मधल्या स्टेशनला ती कधी पोचते, पहाटे की दुपारी, हा उरलेला हिशोब. कॉलेज दहाला भरतं आणि साडेपाचला सुटतं, हे त्या कागदावर कुठंच नसतं.

आता खरा हिशोब करू. हिंगोली ते नांदेड रुळावरून साधारण ११० किलोमीटर पडतं, कारण आधी खाली पूर्णेला जायचं आणि मग पूर्वेला नांदेडकडे वळायचं. थांबे धरून ताशी ५५ ची सरासरी पकडली तरी दोन तास. म्हणजे हिंगोली शहरातून नांदेडला रोज जाणं रेल्वेनंही जडच आहे, उगाच स्वप्न दाखवणार नाही. पण वसमतहून अंतर जवळपास निम्मं, म्हणजे तासाभरात. हिंगोलीहून उलट्या दिशेला वाशिम पन्नासच्या आत, तेही तासात. या रुळावरच्या कितीतरी गावांना एका तासात कुठलं ना कुठलं जिल्ह्याचं ठिकाण लागतं.

यासाठी लागते ती मेमू किंवा डेमू. लोकलचीच गावाकडची बहीण म्हणा. दोन्ही टोकांना केबिन, त्यामुळे पूर्णेला दिशा बदलावी लागली तरी इंजिन फिरवायचं काम नाही. असं काही महाराष्ट्रात नवीनही नाही. पुणे–लोणावळा लोकल १९७८ पासून धावतेय, आणि त्या मार्गावरच्या किती गावांतली पोरं पुण्यात रूम न घेता शिकली याचा विचार करा. गुजरातेत सप्टेंबर २०२४ मध्ये भुज–अहमदाबाद गाडी सुरू झाली, नाव तेच नमो भारत, पण ती आहे त्याच रुळावरून ताशी ११० पर्यंत धावते, आरक्षणाची गरज नाही. म्हणजे दरवेळी नवा पूल आणि नवा बोगदा लागतोच असं नाही.

सकाळी दोन, संध्याकाळी दोन. वेळ ठरलेली, आणि क्रॉसिंगमध्ये तिला निदान त्या चार वेळा मान. आणि स्टेशनबाहेर गावाकडं जाणारं वाहन, गाडी आल्याशिवाय न हलणारं. माझं मागणं एवढंच आहे. यात चंद्रावर जायचं काही नाही.

मग आपण काय करायचं?

दोन-तीन गोष्टी सांगतो, साध्या आहेत.

पहिली, निवेदनात "रेल्वे सुविधा मिळावी" असं लिहू नका. असल्या कागदांचे गठ्ठे पडलेत. मिनिटं लिहा. अमुक स्टेशनहून सकाळी इतक्या वाजता निघून साडेनऊच्या आत नांदेडला पोचणारी गाडी, संध्याकाळी सहानंतर परत. तुमच्या कॉलेजात या पट्ट्यातली किती पोरं आहेत ते मोजा, गावानुसार यादी करा. रेल्वेच्या प्रत्येक विभागात प्रवाशांची सल्लागार समिती असते, तिच्यासमोर असा कागद गेला तर निदान त्यावर बोलता येतं. तारखेसह पोच घ्या.

दुसरी, पास. रेल्वेचा महिन्याचा पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. रोजच्या तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं पास म्हणजे मुंबईवाल्यांची गोष्ट. नाही. आपल्याला पण मिळतो.

तिसरी, आणि ही जरा टोचेल. तिकीट काढा. छोट्या स्टेशनवरून बसायचं, तिकीट काढायचं नाही, "कोण बघतंय" म्हणायचं, हे मी पण केलंय. पण एखाद्या स्टेशनला थांबा द्यायचा की काढायचा हे ठरवताना तिथून तिकिटं किती विकली जातात ते बघतात. तुम्ही चाळीस जण रोज चढता आणि तिकिटं सहा जातात, तर कागदावर त्या स्टेशनला माणसंच सहा. दहा-वीस रुपये वाचवून आपण आपलीच गाडी घालवतो.

शेवटी परत घरची गोष्ट. बहीण आता शेवटच्या वर्षाला आहे. रूम तीच आहे, चौघींतली एक लग्न होऊन गेली, तिच्या जागी कळमनुरीची एक आली. मागच्या शनिवारी ती घरी आली तेव्हा मी तिला हा सगळा हिशोब ऐकवला, डहाणू, पॅरिस, स्वित्झर्लंड. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दादा, हे सगळं व्हायला किती वर्षं लागतील?"

मी म्हणालो, सांगता येत नाही.

ती म्हणाली, "मग माझ्यासाठी नको मागू. शेजारच्या काकांची पोरगी यंदा दहावीला आहे. तिच्या बारावीपर्यंत होतं का बघ."

तर मंडळी, दोन वर्षं आहेत आपल्याकडे. तुमच्या स्टेशनचं नाव, तुम्हाला लागणारी सकाळची वेळ आणि परतीची वेळ, या तीन गोष्टी मला लिहून पाठवा. आलेली सगळी नावं आणि वेळा एकत्र करून मी एक कागद करतो, आणि पुढच्या भागात तो वाचून दाखवतो. मग तो कुठं न्यायचा ते मिळून ठरवू.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि दारात उभं राहून ऐकत असाल तर आधी आत या.